दोन दगावली, दोन जन्मली

एका निकालपत्रात एक वाक्य आहे. मुंबईतून एसटीच्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर पाठवलेल्या माणसांबद्दलचं. त्या प्रवासात दोन तान्ही मुलं दगावली, पण दोन जन्मलीही, त्यामुळे वजावट होऊन गेली, असा त्याचा अर्थ. मूळ इंग्रजीत वापरलेला शब्द हिशेबातलाच आहे. एकाचं देणं दुसऱ्याच्या येण्यात वळतं करून टाकतात ना, तसा.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं ते जुहूला, पृथ्वी थिएटरच्या कॅफेत. नाटक सुरू व्हायला अर्धा तास होता, समोर चहा होता आणि मोबाइलवर निकालाची पीडीएफ. आपलं वाचण्यात काही चुकलं असेल म्हणून वर स्क्रोल करून पुन्हा खाली आलो. चुकलं नव्हतं. पुढचं वाक्य काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या तारखेकडे वळलं होतं.

निकालाचं नाव ‘ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’. तारीख 10 जुलै 1985. सुप्रीम कोर्टाचं पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. लॉ कॉलेजात किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये हा निकाल एका ओळीत शिकवतात: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, कलम 21. ओळ खरी आहे आणि मोठीही आहे. पण निकाल त्या ओळीपुरता वाचला की त्याची पहिली पानं आणि शेवटचं पान दोन्ही सुटतात.

म्हणून हा निकाल एकदा साहित्य म्हणून वाचावा असं मला वाटतं. निकाल हाही लिहिलेला मजकूर असतो. त्यात निवेदक असतो, पात्रं असतात, कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाचं नुसतं वर्णन करायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं. कादंबरी संपल्यावर मात्र कुणाची झोपडी पडत नाही.

पावसाळ्यातली दया

गोष्ट सुरू होते 13 जुलै 1981 ला. मुख्यमंत्री बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या सगळ्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवण्यात येईल. कारण दिलं ते माणुसकीचं. असं जगणं अमानुष आहे, ही खोपटी तकलादू आहेत, पावसात ही माणसं तिथे नीट राहूच शकत नाहीत. मग काय करायचं? तर ती खोपटी भर पावसात पाडायची.

पत्रकार ऑल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी काम करणारी पीयूसीएल ही संघटना आणि खुद्द फुटपाथवर राहणारी माणसं कोर्टात गेली. 21 जुलैला मुंबई हायकोर्टात सरकारी बाजूने मान्य केलं की 15 ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही. याचिकेतला आरोप असा की त्यानंतर दोनच दिवसांनी, 23 जुलैला, एसटीच्या गाड्या आल्या आणि माणसं त्यांत भरली गेली. सुरुवातीला सांगितलेलं वाक्य येतं ते इथे.

त्या वाक्याकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. एक म्हणजे तो उपरोध आहे: बघा, राज्यकर्त्यांच्या हिशेबात दोन गेली आणि दोन आली की खातं बंद. दुसरी तऱ्हा अशी की तो उपरोध नाहीच, लिहिण्याच्या भरात आलेली शैलीची एक गिरकी आहे. मी बरेच दिवस पहिल्या बाजूने होतो, कारण हा निकाल निर्दय माणसाने लिहिलेला नाही. पण उपरोध ओळखायचा कसा? पुढे निवेदक त्याची किंमत मोजतो की नाही, यावरून. या निकालात ती दोन मुलं पुन्हा कधीच येत नाहीत. त्यांच्याबद्दल चौकशी नाही, त्यांच्या नावाने एक रुपया नाही, आदेशात एक ओळ नाही. उपरोध म्हणून लिहिलेलं वाक्य शेवटी अक्षरशः खरं ठरतं. खातं बंद होतं.

नळाखालची अंघोळ

निकालाची सुरुवात एखाद्या वास्तववादी कादंबरीसारखी आहे. घाण, उकिरडा, सडकं मांस शोधणारी कुत्री, उंदरांच्या मागावरची मांजरं. वयात आलेल्या मुली येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर अंघोळ करतात. बायका एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढतात. पोरं भीक मागतात. बिनकामाचे पुरुष पोलिसांच्या मूक संमतीने सोनसाखळ्या ओढतात आणि पकडले गेले तर विचारतात, या शहरात गुन्हा कोण करत नाही?

हे वाचताना आपल्याला वाईट वाटावं अशी लेखकाची इच्छा आहे, आणि वाटतंही. पण थोडं थांबून विचारूया, हे बघतंय कोण? गाडीच्या काचेतून, सिग्नलला थांबल्यावर जे दिसतं तेच इथे आहे. खोपटाच्या आतून एकही वाक्य नाही. उवा दिसतात, त्या काढणाऱ्या बाईने सकाळी किती घरची भांडी घासली ते दिसत नाही.

अशा नजरेची आपल्याला सवय आहे, आणि ती सवय आपल्याला साहित्याने आणि सिनेमानेही लावली आहे. जयवंत दळवींची ‘चक्र’ ही कादंबरी 1963 ची. मुंबईच्या झोपडपट्टीचं जग मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणण्याचं काम तिने केलं. रवींद्र धर्मराज यांनी त्यावर हिंदी सिनेमा काढला, तो 1981 चा, म्हणजे अंतुल्यांच्या घोषणेच्याच वर्षीचा. स्मिता पाटीलला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमाच्या शेवटी वस्तीवर बुलडोझर येतो. पण गावभर जे पोस्टर लागलं त्यात बुलडोझर नव्हता. उघड्यावर अंघोळ करणारी स्मिता होती. त्यावरून वाद झाला आणि तो आजही आठवला जातो.

सिनेमातला तो प्रसंग वस्तीच्या रोजच्या जगण्याचा भाग म्हणून येतो. पोस्टरने तो वस्तीतून उचलला आणि रस्त्यावरच्या नजरेला विकला. निकालाची पहिली पानं नेमकं हेच करतात असं मी म्हणणार नाही, कारण तिथे विक्री नाही, करुणा आहे. पण नजर त्याच उंचीवरून पडते. ज्या माणसाची आपल्याला दया येते त्याच्याकडे आपण देणेकरी म्हणून बघत नाही. त्याला काही दिलं तर ते दान ठरतं. आपल्याकडून त्याचं काही मोडलं असेल तर ते भरून द्यायचं असतं, ही गोष्ट दयेच्या भाषेत सुचतच नाही.

तीनशे रुपये, सातशे रुपये

मात्र याच निकालात दुसरा एक आवाज आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्णन संपून याचिकाकर्त्यांची माहिती सुरू झाली की भाषा एकदम बदलते. विशेषणं गळून पडतात आणि आकडे येतात.

एक जण तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन शेतमजूर. 1961 साली मुंबईत आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोजंदारी, दिवसाला 23 रुपये. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी एका झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून 2,500 रुपये उकळले. तिथे तो बायको आणि तीन मुलींसह राहत होता. दुसरा संगमनेरचा. गावात चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर पडलं आणि 1969 साली तो मुंबईत आला. महिना 350 रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला 300 रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकला 700 लागले.

आता जरा गुणाकार-भागाकार करूया, कारण निकालाने तो केलेला नाही. सेलमच्या माणसाचे 2,500 रुपये म्हणजे सुमारे 109 दिवसांची मजुरी. संगमनेरच्या माणसाचे 1,000 रुपये म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा पगार. ही घरं फुकट उभी राहिलेली नव्हती. शहराने त्यांच्याकडून भाडं, डिपॉझिट, सगळं घेतलं होतं. फक्त ते पालिकेच्या खिडकीवर भरलेलं नव्हतं.

आणि ज्या ‘बिनकामाच्या पुरुषां’नी निकाल सुरू झाला, ते कुठे गेले? याचिकाकर्त्यांत ते सापडत नाहीत. याच निकालात विलेपार्ल्याच्या हायवेलगतच्या कामराज नगरची हकीकत आहे. जुहू आणि विलेपार्ले ही नावं आपण जेव्हीपीडी म्हणताना एका दमात घेतो, पण ही वस्ती त्या योजनेच्या नकाशात मावणारी नव्हती. 1960 च्या सुमाराला हायवेच्या कडेने पाण्याचे पाइप टाकणाऱ्या कंपनीच्या कामगारांनी ती वसवली, असं रहिवाशांचं म्हणणं. राहणारे कोण? पालिकेचेच कर्मचारी, कारखान्यांतले आणि हॉटेलांतले कामगार, बांधकामावरचे सुपरवायझर. काही घरांत छोटे उद्योग चालायचे. म्हणजे ज्यांनी उपनगराला पाणी आणलं त्यांचीच ही वस्ती.

निकालाच्या सुरुवातीला या वस्तीत पाचशेहून अधिक झोपड्या आहेत. शेवटाकडे, पालिकेच्या आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन बोलताना, चारशेहून अधिक आहेत. मधल्या शंभरांचं काय झालं? कदाचित काहीच नाही, दोन बाजूंनी दोन आकडे दिले असतील. पण बंगल्यांच्या बाबतीत शंभरांचा फरक कुणाच्या नजरेतून सुटला असता का?

या दुसऱ्या आवाजात कोर्ट पुढे फार समजुतीचं बोलतं. ही माणसं गुन्हा करायच्या इराद्याने फुटपाथवर आलेली नाहीत, ती नाइलाजाने आली आहेत, कुठे अतिक्रमण करायचं याची निवड त्यांच्या हाती नसते, असं ते स्पष्ट म्हणतं. कामाच्या ठिकाणाजवळ राहणं हीच त्यांची फुटपाथशी असलेली ओढ आहे, हेही ओळखतं. घर हटवलं तर काम जातं, काम गेलं तर जगणं जातं. त्या प्रसिद्ध ओळीपर्यंत कोर्ट याच वाटेने पोचतं.

मग शेवटचं पान येतं. फुटपाथ चालण्यासाठी आहेत. पालिकेचा 1888 चा कायदा नोटीस न देता अतिक्रमण हटवू देतो. तो अधिकार अपवादानेच वापरावा, एरवी नोटीस द्यावी, पण कायदा वैध आहे. या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं, पण ते आता आम्हीच ऐकलं आहे. तेव्हा 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, पाऊस संपेपर्यंत, झोपड्या पाडू नका, नंतर पाडा. 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना मालवणीला किंवा अशाच ठिकाणी पर्यायी जागा द्या, पण ती देणं ही पाडण्याची पूर्वअट नाही. वीस वर्षांहून जुन्या, सुधारलेल्या झोपडपट्ट्यांना थोडं अधिक संरक्षण. कामराज नगर रस्त्यावर आहे, मुलं हायवेवर जातात, म्हणून त्याला फुटपाथचाच नियम.

हक्क मिळाला, आणि ज्यांनी तो मागितला त्यांची घरं पाडायची परवानगीही मिळाली.

जागा त्यांची नव्हती, बांबू त्यांचे होते

इथे कुणी विचारेल, मग कोर्टाने करायचं काय होतं? फुटपाथ वाटून टाकायचा? म्हाताऱ्या माणसाने, आंधळ्या माणसाने चालायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. रोज अंधेरी स्टेशनबाहेर रस्त्यावरून चालणाऱ्या कुणालाही तो पडतो.

पण या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. जागेवर हक्क कुणाचा, ही एक. मोडलं ते कुणाचं, ही दुसरी. फुटपाथ संगमनेरच्या माणसाचा नव्हता, हे त्याच्या वकिलांनीही अमान्य केलं नाही. पण बांबू त्याचे होते, प्लास्टिक त्याचं होतं. 700 रुपयांचा तो माल सार्वजनिक नव्हता. 1980 च्या जानेवारीत त्याचं खोपट एकदा पाडलं गेलं आणि त्याने ते पुन्हा उभारलं, असं निकालच सांगतो. म्हणजे ते 700 रुपये एकदा तरी बुडालेच असणार. सेलमच्या माणसाला गाडीत घालून सेलमला नेलं. बायको-मुली तिथेच राहिल्या, तो एकटा कामासाठी परतला आणि पुन्हा फुटपाथवर आला. एका कुटुंबाचे दोन तुकडे झाले. जागेचा हक्क नाकारूनही यातल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब करता आला असता. हिशेबाला लागणारे आकडे निकालातच नोंदवले होते. शेवटच्या पानावर पोचेपर्यंत निवेदक ते विसरला.

मराठीत यासाठी एक साधा शब्द आहे: पंचनामा. आग लागली, पूर आला, पीक गेलं की पंचनामा होतो. किती पत्रे उडाले, किती धान्य भिजलं, कोणती भांडी वाहून गेली, पंचांसमोर लिहिलं जातं. 2004 च्या डिसेंबरपासून पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत झोपड्या पाडण्याची मोठी मोहीम झाली. पाडलेल्या झोपड्यांचा आकडा ऐंशी हजारांच्या वर सांगितला जातो. त्यानंतर काही महिन्यांनी 26 जुलै आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्या पुरात बुडालेल्या घरांचे पंचनामे झाले. घर पावसाने मोडलं तर ती आपत्ती, म्हणून यादी. तेच घर पालिकेच्या गाडीने मोडलं तर ती कारवाई, म्हणून यादी नाही. भांडी दोन्हीकडे तीच.

हिशेब करणं कोर्टांना जमत नाही असंही नाही. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पालिकेने कंगना रनौत यांच्या पाली हिलच्या बंगल्याचा भाग 24 तासांच्या नोटिशीवर पाडला. नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने ती कारवाई बेकायदा ठरवली आणि नुकसान मोजायला मूल्यमापक नेमला. 2022 मध्ये जुहूलाच, तारा रोडवरच्या नारायण राणे यांच्या ‘अधीश’ बंगल्यातल्या वाढीव बांधकामावर नोटीस आली. मग ते नियमित करण्याचा अर्ज, तो फेटाळल्यावर हायकोर्ट, पुन्हा अर्ज, पुन्हा हायकोर्ट. सप्टेंबरमध्ये हायकोर्टाने 10 लाखांचा दंड लावून बांधकाम पाडायला सांगितलं, सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला, आणि शेवटी मालकांनी स्वतःच ते काढायला घेतलं. दोन्ही प्रकरणांच्या राजकारणाशी मला कर्तव्य नाही. मला दिसते ती कार्यपद्धती: मोजमाप, नोटीस, सुनावणी, अपील, मूल्यमापक, मुदत. बेकायदा बांधकाम करणाऱ्यालाही हे सगळं मिळायलाच हवं. प्रश्न इतकाच की पृथ्वीपासून चालत जाता येईल अशा बंगल्याला जे मिळालं, ते रिक्षाने जाता येईल अशा कामराज नगरला का मिळालं नाही.

जगात हे झोपड्यांच्या, खेड्यांच्या बाबतीतही झालेलं आहे. तुर्कस्तानच्या दियारबाकिर भागातल्या केलेक्ची गावात 1992 साली सुरक्षा दलांनी घरं जाळली. गावकरी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. 1996 साली न्यायालयाने हक्कभंग झाल्याचं मान्य केलं आणि 1998 साली भरपाईचा वेगळा निकाल दिला. घरं, घरातलं सामान, गुरं, बुडालेलं शेतीचं उत्पन्न, प्रत्येकाचा वेगळा विचार झाला. कागद जळून गेलेले असताना अंदाजाने का होईना, आकडे घातले गेले. साहित्य म्हणून वाचलं तर तो निकाल रुक्ष आहे. त्यात सडक्या मांसामागे फिरणारी कुत्री नाहीत. गुरांची किंमत आहे.

कवितेने सुरू झालेला निकाल

आपल्याकडे अलीकडे काही बदललं आहे, आणि ते सांगायलाच हवं. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज इथे 2019 साली रस्तारुंदीच्या नावाखाली पाडलेल्या एका घरासाठी 25 लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं. त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे ऑल्गा टेलिस लिहिणाऱ्या चंद्रचूडांचे चिरंजीव. वडिलांप्रमाणे मुलाचाही तो निवृत्तीआधीचा शेवटचा आठवडा होता. एप्रिल 2025 मध्ये प्रयागराजच्या घरांसाठी प्रत्येक घरमालकाला 10 लाख रुपये द्यायचा आदेश झाला. घर पाडलं तर ते पैशात भरून द्यावं लागतं, ही गोष्ट वडिलांच्या निकालात नव्हती. ती आता कोर्ट ठणकावून बोलतं.

या दोहोंच्या मध्ये, 13 नोव्हेंबर 2024 ला, बुलडोझरबद्दलचा तो बहुचर्चित निकाल आला. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांचं पीठ. पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणं दिलेला आदेश, कारवाईचं चित्रीकरण, नियम मोडले तर अधिकाऱ्याकडून वसुली. हा निकाल सुरू होतो कवी प्रदीप यांच्या कवितेने. विषय, आपलं स्वतःचं घर असावं ही साध्या माणसाची इच्छा. कुत्र्या-मांजरांच्या वर्णनाने सुरू झालेल्या 1985 च्या निकालाशेजारी हे ठेवून वाचा. निवेदक काचेबाहेरून आत आला आहे, घराकडे घरातल्या माणसाच्या बाजूने बघतो आहे. मोठी मजल आहे ही.

पण खाली, निर्देशांच्या भागात, एक अपवाद आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे घराचं स्वप्न सगळ्यांचं, नोटिशीचे 15 दिवस मात्र फुटपाथ सोडून. सेलमचा तो माणूस आज त्याच हायवेवर असता, तर कविता त्याच्यासाठी होती आणि निर्देश नव्हते. चाळीस वर्षांत निकालाची पहिली पानं बदलली, शेवटच्या पानावरची ती फट तशीच राहिली.

तुमचं नाव होईल

निकालाच्याच वर्षी, 1985 मध्ये, आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट आला. मुंबईतल्या तोडकामाचा तो चित्रदस्तऐवज आहे आणि ऑल्गा टेलिस वाचणाऱ्या प्रत्येकाने तो शेजारी ठेवून बघावा असा आहे. त्यातला एक प्रसंग मला कुठल्याही निकालाहून अधिक शिकवून गेला.

खोपट पाडलं गेलेली एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांवरच उखडते. तिच्या बोलण्याचा मथितार्थ असा: तुम्ही फोटो काढाल, तुमचं नाव होईल, आमच्या हाती काय? पटवर्धनांना तो भाग काढून टाकता आला असता. त्यांनी तो ठेवला. नंतर या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे त्या बाईचं म्हणणं अर्धं खरंही ठरलं.

समीक्षक या प्रसंगाचं कौतुक करतात ते दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणासाठी. तो आहेच. पण मला तिथे ती बाई जास्त दिसते. निकालाच्या पहिल्या पानावरच्या बायका बघितल्या जातात. ही बाई बघणाऱ्याला हिशेब विचारते. तिला दया नको आहे. माझ्या मोडलेल्या घरातून तुम्ही काहीतरी घेऊन निघालात, त्याचं मला काय देता, असा तिचा सवाल आहे. मानवी हक्कांच्या भाषेत याला दावा म्हणतात. या सगळ्या मजकुरात, निकाल, कादंबरी, सिनेमा, माहितीपट मिळून, इतका स्वच्छ दावा दुसऱ्या कुणी मांडलेला मला आढळला नाही. आणि तो तिने मांडला तो नेमका तिच्या बाजूच्या माणसापुढे, कारण ऐकायला तोच समोर होता. पालिकेची गाडी थांबत नाही.

तिचं म्हणणं पटवर्धनांनी नुसतं एडिटिंग टेबलावर सोडलं नाही. 1986 च्या मार्चमध्ये कफ परेडजवळचं संजय गांधी नगर पाडलं गेलं, त्यानंतर ते रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले. पृथ्वी ज्या जानकी कुटीरमध्ये आहे तिथेच घर असलेल्या शबाना आझमीही बसल्या. निवारा हक्क सुरक्षा समिती पाठीशी होती. पाच दिवसांनी सरकारने पर्यायी जागा मान्य केली, गोरेगावच्या दिंडोशीला. जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, कामापासून लांब. तरी ती मिळाली. देशातल्या सर्वोच्च कोर्टाने काही महिन्यांपूर्वीच जी गोष्ट पूर्वअट मानायला नकार दिला होता, ती पाच दिवसांच्या उपाशी पोटांनी मिळवली.

आपल्याकडे खटला ‘निकाली काढतात’. शब्द नीट ऐका, त्यात काढून टाकण्याचाच आवाज आहे. मोडलेल्या घराचा दावा निकाली काढणं सोपं असतं; तो मिटवायचा तर आधी काय मोडलं हे लिहावं लागतं. ही यादी कोर्ट लिहीत नसेल तर लेखकांनी, पत्रकारांनी, फोन हातात असलेल्या आपण सगळ्यांनी लिहायला हरकत नाही. आपल्या फीडमध्ये दर दोन-चार दिवसांनी बुलडोझरचा एखादा व्हिडिओ येतोच. भिंत कोसळते, खाली रडका किंवा टाळ्यांचा इमोजी पडतो, आपण पुढे जातो. पुढच्या वेळी जेसीबीवरून नजर काढून जरा कडेला बघा. स्टो, हंडा, शाळेचं दप्तर, रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी, गुंडाळलेली ताडपत्री. कुणाचं आहे, कितीला घेतलं होतं, किती दिवसांच्या मजुरीतून?

त्या दिवशी तिसरी घंटा झाली आणि मी पीडीएफ बंद केली. नाटक कुठलं होतं ते आता आठवत नाही. तुळशीवाडीच्या फुटपाथवरचे आकडे आठवतात. जागेसाठी गुंडाला 300. बांबू आणि प्लास्टिक, 700.